बारा बुधवार

"आत्या, तुझं रक्त मशीनमधून गाळून घेतलं होतं ना? मग मीही तसंच करून घेऊ का?"

सांगलीहून भाचीचा फोन होता. बत्तीस वर्षांची मुलगी. दोन महिन्यांपूर्वी आमवाताचं, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं, अँटी-सीसीपी ही त्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही सुचवून जातो. तिला कुणीतरी सांगितलं की एके ठिकाणी अशुद्ध रक्त काढून, गाळून परत भरतात आणि सांधे मोकळे होतात. तिला लगेच मी आठवले. आमच्या घरात माझ्या त्या उपचाराची एक गोष्टच होऊन बसली आहे: आत्याचं रक्त धुतलं आणि आत्या चालायला लागली.

तसं झालं नव्हतं. फोनवर मी तिच्याशी तासभर बोलले, पण बोलण्यात निम्मं राहून जातं. म्हणून कपाटातली जुनी वही काढली आणि हे लिहायला बसले.

माझा आमवात १९८६ मध्ये सुरू झाला, धाकट्याच्या जन्मानंतर चार महिन्यांनी. तेव्हा आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायला येऊन सात वर्षं झाली होती. आधी तळपायांचे चवडे दुखायचे, सकाळी पलंगावरून उतरताना खड्यांवर पाय ठेवल्यासारखं वाटायचं. मग बोटांची पेरं सुजली. हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या, त्यात आईनं दिलेले पाटल्यांचे दोन नगही गेले. पुढची पंधरा वर्षं मी औषधांच्या एकेक पायऱ्या चढले आणि उतरले. सोन्याची इंजेक्शनं घेतली, लघवीत प्रथिनं जायला लागली म्हणून बंद केली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर तीन वर्षं काढली, दर सहा महिन्यांनी डोळे तपासून घेत. सल्फासॅलझिननं अंगावर पुरळ उठलं. मेथोट्रेक्सेटनं खरं तर सगळ्यांत जास्त साथ दिली, पण पाच वर्षांनी यकृताचे आकडे चढत राहिले आणि तेही थांबवावं लागलं. उरली होती फक्त प्रेडनिसोन या स्टेरॉइडची रोजची गोळी आणि तिनं आलेला चेहऱ्याचा गोलवा.

२००१ साल संपत आलं तेव्हा मला कणीक मळता येत नव्हती, मंगळसूत्राचा आकडा लावता येत नव्हता. यांनी कणीक मळायला शिकून घेतलं होतं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी हे सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवायचे, म्हणजे दिवसभरात मला कुणाची वाट बघावी लागू नये.

नवी औषधं आली नव्हती असं नाही. एन्ब्रेल या नव्या इंजेक्शनला १९९८ मध्ये मान्यता मिळाली होती, रेमिकेड या दुसऱ्याला आमवातासाठी त्याच्या पुढच्या वर्षी. पण एन्ब्रेलची मागणी इतकी होती की कंपनीचं उत्पादन पुरत नव्हतं. नव्या रुग्णांना नाव नोंदवून रांगेत थांबावं लागे. माझं नाव रांगेत होतं. रेमिकेड मिळालं असतं, पण त्यावर डॉक्टरांनीच हात आखडता घेतला. मला १९७४ मध्ये, लग्नाआधी, फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता. मिरजेला दीड वर्ष औषधं घेऊन मी बरी झाले होते. आणि नेमकं २००१ च्या ऑक्टोबरमध्ये रेमिकेड घेतलेल्या ७० रुग्णांत क्षयरोग उफाळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या छातीच्या एक्स-रेवर जुना डाग आहे. मला घाई करायची नाही." मिरजेचा तो डाग सत्तावीस वर्षांनी असा आडवा येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तेव्हा त्यांनी प्रोसोर्बा कॉलमचं नाव काढलं.

हे काय असतं ते त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि ते चित्र अजून वहीत आहे. एका हातातून रक्त बाहेर येतं. मशीनमध्ये ते गरगर फिरवून रक्तपेशी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळे होतात. पेशी तशाच पुढे जातात. प्लाझ्मा एका नळकांड्यातून जातो, तोच कॉलम. त्यात वाळूसारख्या सिलिकाच्या कणांवर 'प्रोटीन ए' नावाचं प्रथिन बसवलेलं असतं. हे प्रथिन येतं स्टॅफिलोकोकस जंतूच्या कवचातून, ज्या जंतूमुळे गळू होतं त्याच्या. या प्रथिनाचा गुण असा की ते अँटीबॉडीला शेपटीकडून धरून ठेवतं. जंतू हे स्वतःच्या बचावासाठी करतो, माणसानं ते उपचारासाठी वापरलं. मग प्लाझ्मा आणि पेशी पुन्हा एकत्र होऊन दुसऱ्या हातातून अंगात परत येतात. एका वेळी साधारण १,२०० मिलिलिटर प्लाझ्मा कॉलममधून जातो. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे.

"म्हणजे माझं रक्त घाण आहे का?" मी विचारलं होतं. लहानपणापासून रक्तशुद्धीच्या काढ्यांवर वाढलेल्या बाईला दुसरा प्रश्न सुचला नसता. त्या म्हणाल्या, "नाही. तुमच्या रक्तात घाण नाही, गैरसमज आहे. शरीर स्वतःलाच परकं समजतंय." हे वाक्य मी गेली वीसहून अधिक वर्षं लोकांना सांगत आले आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट लपवली नाही. या कॉलमला आमवातासाठी १९९९ मध्ये मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवर, तिच्यातल्या रुग्णांचा आजार सरासरी पंधरा वर्षांहून जुना होता, माझ्यासारखाच, आणि बरीच औषधं हरलेली होती. खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना फरक पडला. दुसऱ्या गटाला सगळं तसंच केलं, सुया, मशीन, दोन तास, फक्त प्लाझ्मा कॉलममधून नेलाच नाही. त्यांच्यापैकी साधारण दहांत एकाला बरं वाटलं. म्हणजे तिघांत दोघांना काहीच होणार नव्हतं. हे ऐकून घरी येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. वाटेत हे एवढंच म्हणाले, "तिघांत एक म्हणजे काही कमी नाही."

विम्याचं प्रकरण वेगळंच. मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी विम्यानं, १ जानेवारी २००१ पासून आमवातासाठी हा उपचार मान्य केला होता, पण अटी होत्या: पाचपेक्षा जास्त सुजलेले सांधे, वीसपेक्षा जास्त दुखरे सांधे, सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक, आणि किमान तीन औषधं अपयशी. माझं वय मेडिकेअरचं नव्हतं, पण आमच्या विमा कंपनीनं तीच मोजपट्टी लावली. डॉक्टरांनी माझे सांधे एकेक करून दाबले आणि नर्सनं मोजले. चौदा सुजलेले, सव्वीस दुखरे. ताठरपण्यासाठी त्यांनी मला वही ठेवायला सांगितली: सकाळी जाग आली ती वेळ आणि बोटं सैल झाली ती वेळ. ती ही वही. पहिल्या पानावर ९ डिसेंबर, १९० मिनिटं.

पहिला अर्ज विमा कंपनीनं परत पाठवला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी वहीची पानं जोडली. मंजुरी आली.

सुरुवातीआधी माझी रक्तदाबाची गोळी बदलली. मी लिसिनोप्रिल घ्यायचे. त्या गटातली गोळी आणि हा कॉलम एकत्र आले तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून काही दिवस आधीच दुसरी गोळी सुरू केली. ज्यांना कुणाला शरीराबाहेर रक्त फिरवायचा उपचार सांगितला असेल, त्यांनी आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. माझ्या बाबतीत ती गोळी फार्मासिस्टच्या लक्षात आली, आमच्या नाही.

२३ जानेवारी २००२, पहिला बुधवार. बाहेर बर्फ पडून गेला होता. खोलीत तीन खुर्च्या होत्या, पाय लांब करता येतील अशा, आणि प्रत्येकीशेजारी कोबे स्पेक्ट्रा मशीन, घरातल्या छोट्या फ्रिजएवढं. नर्स फिलिपिनो होती, माझ्याच वयाची, आणि मी तिला पहिल्या दिवसापासून मनात ताईच म्हणत आले. तिनं माझे दोन्ही हात पालथे-उलथे करून बघितले. थंडीत माझ्या शिरा आत ओढल्या जातात. तिनं गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल कोपरांना गुंडाळले आणि दहा मिनिटं थांबली. शिरा मिळाल्या नाहीत तर मानेत नळी घालावी लागते, आणि मला त्याची फार भीती होती, कारण त्या नळीतून जंतुसंसर्ग व्हायचा धोका वेगळाच.

शिरा मिळाल्या. सुया जाड असतात, रक्तदानाला वापरतात तशा. मग तिनं माझ्या हातात एक मऊ रबरी चेंडू दिला. रक्त नीट वाहावं म्हणून तो दाबत राहायचा असतो. मी तो दाबू शकले नाही. माझी मूठ मिटतच नव्हती. तिनं क्षणभर माझ्या बोटांकडे पाहिलं, चेंडू काढून घेतला आणि हातपुसण्याच्या रुमालाची सैल गुंडाळी करून माझ्या तळव्यावर ठेवली. "जेवढं जमेल तेवढं," ती म्हणाली. पुढचे सगळे बुधवार ती गुंडाळी आधीपासून तयार असायची.

रक्त नळीतून जाताना दिसतं. पहिल्यांदा ते बघून पोटात कालवलं. थोड्या वेळानं दुसऱ्या नळीत प्लाझ्मा आला. मी समजत होते तो पाण्यासारखा असेल. तो पिवळा होता, घाण्यावरच्या शेंगतेलासारखा, आणि काचेतून उन्हाची तिरीप पडली तेव्हा चमकला. कॉलम लोणच्याच्या बरणीएवढा, पांढुरका. त्यात तो पिवळा रंग खालून वर चढत गेला. एवढ्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीसाठी आम्ही दोन महिने कागदं भरत होतो.

अर्ध्या तासानं ओठांभोवती मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नर्सनं टम्सच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, दोन गोळ्या चघळायला दिल्या, मुंग्या गेल्या. शरीराबाहेर फिरून आलेलं रक्त गार होतं, त्यामुळे आतून हुडहुडी भरते. तीन पांघरुणं घातली. पण सगळ्यांत अवघड काय असेल तर हात सरळ ठेवणं. निरोगी माणसाला दोन तास कोपर न वाकवणं कंटाळवाणं वाटेल. माझं कोपर आधीच सुजलेलं, ते एका स्थितीत राहिलं की आतून कुणी तरी पिरगाळतंय असं दुखायचं. नाकाला खाज सुटली तर यांना सांगावं लागायचं. हे शेजारी बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचे.

त्या रात्री ताप आला. गुडघे भोपळ्यासारखे सुजले. गुरुवारी मी पलंगावरून उठले नाही. असं होऊ शकतं हे सांगितलेलं होतं, उपचारानंतर एक-दोन दिवस सांधे आणखी चिडतात, थकवा येतो. पण ऐकणं वेगळं, सोसणं वेगळं. वहीत त्या दिवशी आकडा नाही, फक्त एक रेघ आहे.

आणि हेच पुढे दर आठवड्याला. बुधवार मशीन, गुरुवार अंथरूण, शुक्रवारी जरा उठून बसणं, रविवारपर्यंत पुन्हा पहिल्यासारखी. सहाव्या बुधवारी परतीची सुई शिरेतून सरकली आणि दंडापासून मनगटापर्यंत हात निळा-जांभळा झाला. सत्र अर्धवट थांबवलं. तो आठवडा बारांत धरायचा की नाही यावर बराच वेळ चर्चा झाली, शेवटी धरला. आठव्या आठवड्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी यायचं थांबवलं. त्यांना काही फरक वाटत नव्हता. मलाही वाटत नव्हता. वहीत आठव्या आठवड्याचे आकडे आहेत १७५, २००, १८०, १९५.

मी यांना म्हटलं, बस झालं. हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी कणीक मळताना पाठमोरे उभे राहून म्हणाले, "चार राहिले. मी सोडायला येतो आणि आणायला येतो, तू फक्त बस." मी गेले ती त्यांच्यासाठी, हे मला कबूल केलं पाहिजे. माझी स्वतःची श्रद्धा तेव्हा संपली होती.

१० एप्रिलला बारावा बुधवार झाला. नर्सनं दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधल्या आणि मला मिठी मारली. डॉक्टर म्हणाल्या, "आता वाट बघायची. फरक पडायचा असेल तर तो आत्ता नाही, येत्या काही आठवड्यांत दिसेल." चाचणीतही रुग्णांना शेवटच्या सत्रानंतर दोन महिन्यांच्या आसपास तपासलं होतं.

कुणी विचारलं, फरक कोणत्या दिवशी पडला, तर मला सांगता येत नाही. वही सांगते. एप्रिलच्या शेवटी १६०. मेच्या दुसऱ्या आठवड्यात १२०. २१ मेला ९५, आणि त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलंय, मोजायला चुकले की काय म्हणून. १४ जूनला ४०. त्या सकाळी मी चहाचं भांडं एका हातानं उचलून ओतलं, आणि ओतून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. जूनच्या अखेरीस डॉक्टरांनी पुन्हा सांधे मोजले, सुजलेले पाच, दुखरे नऊ. ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, ७४ वरून ३१. बोटं जी वाकडी झाली होती ती वाकडीच राहिली. झिजलेलं हाड परत येत नाही. पण सूज उतरली होती आणि मूठ जवळजवळ मिटत होती.

सप्टेंबरमध्ये गणपतीत आरतीला मी टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षं मी नुसते हात जोडून उभी राहायचे, कारण टाळी पेरांना सहन व्हायची नाही. त्या वर्षी पाचही आरत्यांना वाजवल्या. हे ताम्हन धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यांच्याकडे मला बघवलं नाही.

हे सुख अकरा महिने टिकलं. २००३ च्या वसंतात आकडे पुन्हा चढायला लागले, ७०, ९०, १३०. दुसरी फेरी करायची का असा विचार चालला होता, तेवढ्यात एन्ब्रेलचा पुरवठा सुरळीत झाला. माझ्या छातीचं पूर्ण तपासून, क्षयरोगाच्या डॉक्टरांची संमती घेऊन ते इंजेक्शन सुरू केलं. आठवड्यातून दोनदा घरीच टोचून घ्यायचं, कुठलीही मोठी सुई नाही, थंडीची हुडहुडी नाही. तीन आठवड्यांत फरक. मला आनंद झाला आणि त्या बारा बुधवारांसाठी वाईटही वाटलं, जणू ते कुणी पुसून टाकले. पुढे काही वर्षांत प्रोसोर्बा कॉलमचं उत्पादनच बंद झालं. ती खोली आता तिथे नाही.

भाचीला मी हे सगळं का सांगतेय? कारण तिला कुणीतरी "रक्त गाळून आम काढतात" असं सांगतंय, आणि त्या वाक्यात माझं उदाहरण जोडलं जातंय. माझं रक्त कुणी स्वच्छ केलं नव्हतं. एका सत्रात कॉलमला अडकणाऱ्या अँटीबॉडीज शरीरातल्या एकूण साठ्याच्या मानानं फारच थोड्या असतात. तेवढ्या काढून आजार हटणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं. परिणाम कसा होतो याचा पक्का उलगडा कधी झाला नाही. प्रोटीन ए मुळे रोगप्रतिकार यंत्रणेलाच वेगळा इशारा मिळत असावा, असा एक अंदाज होता. आणि नुसता प्लाझ्मा काढून टाकायचा, हा प्रयोग त्याआधीच करून झाला होता. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९८३ मध्ये आलेल्या चाचणीत रक्ताच्या तपासण्या सुधारल्या, पण खऱ्या आणि खोट्या उपचारात रुग्णांच्या सांध्यांना फरक पडला नाही. कागद सुधारला, माणूस नाही. कुणी तिला आधीचे-नंतरचे रिपोर्ट दाखवून पैसे मागितले, तर तिनं हे आठवावं असं मला वाटतं.

मी त्या खुर्चीत बसले ती पंधरा वर्षं आणि चार औषधं हरल्यावर, दुसरं दार बंद होतं म्हणून. तिच्यापुढे सगळी दारं उघडी आहेत. तिचा आजार दोन महिन्यांचा आहे, हाडं अजून शाबूत आहेत. तिच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय, आठवड्यातून एकच दिवस घ्यायचं, सोबत फॉलिक ॲसिड. ती चिठ्ठी दहा दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होती, घाबरून. मला मेथोट्रेक्सेटनं काय त्रास दिला तो मी लपवला नाही. त्यानं मला पाच वर्षं काय दिलं तेही सांगितलं. रक्ततपासणी वेळेवर करायची, यकृताकडे लक्ष ठेवायचं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण ते औषध चालू असताना गर्भ राहून चालत नाही. हे शेवटचं तिला कुणी नीट समजावलं नव्हतं. ती फोनवर रडली. मीही.

गेल्या रविवारी तिनं पहिला डोस घेतला. मी तिला एक वही आणायला सांगितली होती, तिनं आणली.

आज सकाळी, म्हणजे तिची संध्याकाळ, फोन केला तेव्हा ती तव्यावर पोळी टाकत होती. मी विचारलं, "आज किती मिनिटं?"

"थांब, वही बघते," ती म्हणाली. पोळी उलटल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा. "पंच्याऐंशी."

मी माझ्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि तिचा आकडा लिहिला.